फौंड्रीची धूळ आणि निधीचा शोध : कामगार सुरक्षेचं प्रशिक्षण नि संशोधन, पैसा कुठून आणायचा?

मोल्डिंग_बॉक्स

नमस्कार मंडळी. प्रश्न बेळगाव भागातला आहे, पण निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्यांनीही लिहा.

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात लहान फौंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर. एकेका शेडमध्ये पंधरा ते चाळीस माणसं. धूळ कुठं उडते ते सगळ्यांना ठाऊक आहे : वाळू मिक्सर, नॉकआउट (साचा फोडून ओतीव बाहेर काढणं) आणि फेटलिंग (ओतीव घासून साफ करणं). काही उद्योजक आणि कॉलेजचे शिक्षक मिळून तीन कामं करू पाहतायत. वर्षभर मराठी-कन्नडमधून छोट्या तुकड्यांचं प्रशिक्षण, सिलिका धुळीचं रीतसर मापन, आणि कामगारांचे एक्स-रे व स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता तपासणं).

पैशासाठी इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतल्या योजना वर येतात. आपल्याकडं ‘व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य’ नावाचा अर्ज कुठं दिसत नाही. कुणाकडं आणि कुठल्या क्रमानं जावं? माहीतगारांनी तपशिलात सांगा.

सरळ_हिशोब

त्या नावाचा एकच डबा शोधत बसलात तर वर्ष जाईल. तुम्ही लिहिलेली तीन कामं तीन वेगळ्या खिशांतली आहेत. प्रशिक्षण बसतं सीएसआरमध्ये (कंपन्यांचा सक्तीचा सामाजिक खर्च), मापन आणि यंत्रसुधारणा एमएसएमईच्या (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) योजनांत, एक्स-रेचं सर्वेक्षण संशोधन अनुदानात. तिन्ही एका प्रस्तावात कोंबले की प्रत्येक दारातून ‘हे आमचं नाही’ असंच उत्तर येतं.

त्याहून आधीचा प्रश्न : अर्जदार कोण? निम्मे अर्ज इथंच बाद होतात. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्था कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी हवी. तिच्याकडं प्राप्तिकराच्या १२-अ आणि ८०-जी या दोन्ही नोंदण्या हव्यात, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतलेला हवा. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. उद्योजकांची संघटना बहुतेक वेळा नुसती सोसायटी असते, ८०-जी नसतं. अशा वेळी नवी संस्था काढून तीन वर्षं थांबू नका. कॉलेज चालवणारी शिक्षण संस्था किंवा रुग्णालयाचा न्यास आधीपासून पात्र असतो, त्यांना अर्जदार करा आणि संघटनेला सहयोगी ठेवा.

कुठल्या कंपनीकडं जायचं? कंपनी कायद्याचं कलम १३५, म्हणजे सीएसआरची सक्ती, लागतं ते निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तरी. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. ५ कोटी नफ्याची मर्यादा लक्षात ठेवा, कारण तेवढ्या नफ्याची मध्यम कंपनीही कायद्याखाली येते आणि तिच्याकडं अर्जांची रांग कमी असते.

वेळ महत्त्वाची. मार्चमध्ये उरलेला पैसा मागायला सगळे धावतात. कंपनीचं मंडळ वार्षिक कृती योजना वर्षाच्या सुरुवातीला मंजूर करतं, म्हणून प्रस्ताव एप्रिलच्या आत टेबलावर हवा. एका वर्षात संपणारं काम नसेल तर ‘चालू प्रकल्प’ म्हणूनच मंजुरी मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाऊन तुमच्याच कामाला राहते.

निपाणीचा_तंबाखू

मुळातच शंका आहे. कामगाराला प्रशिक्षण देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी. जुन्या कारखाना कायद्याच्या कलम १११-अ मध्ये तर कामगाराचा हक्क म्हणून लिहिलं होतं : शक्यतो कारखान्यातच प्रशिक्षण, नाहीतर मालकानं केंद्रात पाठवावं. मग अनुदान कशाला? मालकाचा खर्च जनतेच्या पैशातून का भरायचा?

मोल्डिंग_बॉक्स

तंबाखूदादा, मुद्दा रास्त आहे. पण वीस माणसांच्या शेडला धूळ मोजायचा पंप, कॅसेट, प्रयोगशाळा एकट्यानं परवडत नाही. ते सामाईकच करावं लागतं.

सरळ_हिशोब

तंबाखूदादांनी ओढलेली रेघ कायद्यातही आहे. सीएसआर नियमांत स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम धरतच नाहीत. म्हणून प्रस्तावात दोन रकाने ठेवा. मास्क, गार्ड, शोषण यंत्रणा, वार्षिक तपासणी, प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी हे मालकाच्या खिशातून. प्रशिक्षक, साहित्य, मापन, निकालांचं विश्लेषण हे निधीतून. असा रकाना दिसला की देणाऱ्यालाही विश्वास वाटतो.

अजून एक. मोठी कंपनी फक्त आपल्याला माल पुरवणाऱ्या फौंड्र्यांच्या कामगारांना शिकवायला पैसे देत असेल तर तो तिच्या नेहमीच्या धंद्याचा भाग ठरायची भीती असते. तुकड्या सगळ्या परिसरातल्या कामगारांना खुल्या ठेवा आणि तसं लेखी लिहा.

कामगार_कट्टा

कायद्याचं अद्ययावत सांगतो, कारण जुन्या कलमांवर प्रस्ताव लिहिला की तपासणारा पहिल्याच पानावर थांबतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. कारखाना कायदा १९४८ आता ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ मध्ये गेला. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली, विजेशिवाय २० वरून ४० वर. म्हणजे उद्यमबागेतल्या कितीतरी शेड ‘कारखाना’ या व्याख्येतूनच निसटतात. सुरक्षा अधिकारी तर ५०० कामगारांवर, आणि धोकादायक प्रक्रियेत २५० वर.

माझ्या मते तुमच्या प्रस्तावाचा सगळ्यात वजनदार परिच्छेद हाच. जिथं सुरक्षा अधिकारी ठेवायची सक्ती नाही, तपासणी क्वचित, आणि धूळ मात्र मोठ्या कारखान्याइतकीच किंवा जास्त, तिथल्या माणसासाठी सामाईक निधी मागतोय असं सरळ लिहा. तंबाखूदादांच्या शंकेचं उत्तरही त्यात आहे.

संहितेत राष्ट्रीय आणि राज्य सल्लागार मंडळं आहेत, संशोधनासाठी संस्था अधिसूचित करायची तरतूद आहे, सुरक्षा सर्वेक्षणाचीही आहे. थेट लहान अर्जदाराला त्यातून पैसा मिळत नाही, पण प्रस्तावाला आधार म्हणून कलमं द्यायला उपयोगी.

छातीचा_डॉक्टर

संशोधनाच्या बाजूचं लिहितो.

वैद्यकीय संशोधनाचा मोठा दाता म्हणजे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद). अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आयसीएमआरचीच, १९६६ ची. तिचं दक्षिणेचं प्रादेशिक केंद्र बंगळूरला, १९७७ पासून. नागपूरची खाणकामगार आरोग्य संस्थाही २०१९ मध्ये अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. फौंड्री आणि सिलिकोसिस (सिलिका धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) हा त्यांचा घरचा विषय. पैसे मागण्याआधी बंगळूरच्या केंद्राला तांत्रिक सहभागासाठी पत्र घाला. त्यांच्यातला एक सहसंशोधक असला की एक्स-रे वाचन आणि धूळ विश्लेषण या दोन्ही शंका मिटतात.

आयसीएमआरच्या बाह्य अनुदानाला खासगी संस्थेतून अर्ज करायचा तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला ती अट नाही. बेळगावात दोन्ही प्रकारची महाविद्यालयं आहेत, तेव्हा मुख्य संशोधक कुठल्या संस्थेतला घ्यायचा हे अर्जाआधी ठरवा.

सुरुवात लहान करायची असेल तर आयसीएमआरची एसटीएस, म्हणजे एमबीबीएस-बीडीएस विद्यार्थ्यांची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती. एका विद्यार्थ्यानं शंभर-दीडशे फेटलर्सची लक्षणं, कामाचा इतिहास आणि स्पायरोमेट्री एवढंच करायचं. एक्स-रे त्यात आणू नका, झेपत नाही. हे प्राथमिक आकडे हातात असले की मोठ्या अर्जाला पाया मिळतो. कम्युनिटी मेडिसिनच्या एमडी विद्यार्थ्यांचा प्रबंध हा दुसरा रस्ता.

नमुना किती घ्यावा, हे सगळे विचारतात. आजाराचं प्रमाण १० टक्के धरलं आणि ५ टक्क्यांची चूक चालणार असेल तर १३८ माणसं. दहा टक्के येत नाहीत असं धरून १५४. चूक ३ टक्क्यांवर आणायची तर ३८४. प्रस्तावात हे गणित मांडा, नुसतं ‘२०० कामगार’ लिहिलं की परीक्षक कारण विचारतोच.

मोठी चूक होते ती माणसं निवडताना. सिलिकोसिस साधारणपणे दहा वर्षं आणि पुढच्या संपर्कानंतर दिसतो. दम लागलेला माणूस तोवर काम सोडून गावी गेलेला असतो. शेडमध्ये उभे असलेले तेवढे तपासले की आजार कमीच दिसणार, आणि ‘आमच्याकडं सिलिकोसिस नाही’ असा अहवाल बाहेर पडणार. म्हणून खानापूर, चंदगड, हुक्केरी भागात परतलेले जुने फेटलर्सही नमुन्यात घ्या, त्यांच्या प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात दाखवा.

धूळमापी

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला पूरक. मापनाच्या खर्चाचा अंदाज चुकतो तो तंत्र माहीत नसल्यामुळं. ‘धूळ तपासणी : इतके रुपये’ एवढी एकच ओळ लिहू नका.

माणसाच्या कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरात, सायक्लोन (जाड कण वेगळे काढणारं छोटं उपकरण) आणि ३७ मिमी कॅसेट लावायची, आत ५ मायक्रॉनचा पीव्हीसी फिल्टर. कमरेला पंप. १० मिमी नायलॉन सायक्लोन असेल तर प्रवाह मिनिटाला १.७ लिटर, ॲल्युमिनियमचा असेल तर २.५. सायक्लोन एक आणि प्रवाह दुसऱ्याचा झाला की कुठल्या आकाराचे कण गोळा होतायत ते बदलतं आणि सगळा दिवस वाया. पंप कामाआधी आणि कामानंतर त्याच सायक्लोनसकट कॅलिब्रेट करा, फरक ५ टक्क्यांहून जास्त आला तर तो नमुना टाकून द्या. १.७ लिटरनं पूर्ण आठ तास चालवलं की ८१६ लिटर हवा येते. दोन तासांत उरकलं तर क्वार्ट्झ (स्फटिकरूप सिलिका) इतका कमी जमतो की प्रयोगशाळा ‘आढळ मर्यादेखाली’ लिहून देते, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘धूळ नाही’ असा लावतो.

विश्लेषण एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा एफटीआयआरनं, म्हणजे धुळीत क्वार्ट्झ किती ते सांगणाऱ्या पद्धतींनी. नुसतं वजन करून देणारी प्रयोगशाळा चालत नाही. दर दहा नमुन्यांमागे एक कोरी कॅसेट पाठवा, तिचा खर्चही धरा.

मर्यादा कशी काढतात तेही प्रस्तावात दाखवा. कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनयोग्य धुळीचं सूत्र होतं : १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के + २). धुळीत २० टक्के क्वार्ट्झ असेल तर १० ÷ २२, म्हणजे घनमीटरला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम धूळ. त्यातला क्वार्ट्झ झाला ०.०९. अमेरिकेची २०१६ ची मर्यादा क्वार्ट्झला ०.०५ आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कामाची गरज आपोआप कळते.

धोटा

वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांचं कुणीतरी बोला की! आमच्याकडं सिलिका नाही, पण आवाज आहे. आठ तासांना ९० डेसिबल, ९५ ला चार तास, १०० ला दोनच तास, अशी मर्यादा. माग सुरू असताना शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, यावरनं काय ते समजा. यासाठी कुठलं अनुदान?

धूळमापी

धोटा, केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाची ‘समर्थ’ ही कौशल्य योजना आहे, पण ती कामाच्या कौशल्याची. त्या अभ्यासक्रमात सुरक्षेचा भाग असतोच, तिथं आवाजाचा तास नीट घेतला जातो का एवढं बघून घ्या. मोजणीसाठी डोसीमीटर (अंगावर लावून पाळीभरचा आवाज मोजणारं यंत्र) सामाईक घ्या. श्रवणचाचणी करायची तर कामाच्या आवाजापासून निदान चौदा तास दूर राहिल्यावर, म्हणजे सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी. पाळी संपल्यावर केली तर तात्पुरतं बधिरपण कायमचं म्हणून नोंदलं जातं.

खानापूरची_माती

खानापूरला खादी-ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. कौलं, विटा, मातीकाम करणाऱ्यांनी तिथल्या प्रशिक्षणातच धुळीचा भाग घालून घ्यावा. वेगळा निधी मागायच्या आधी चालू अभ्यासक्रमात दोन तास मिळवणं सोपं. सुकी माती झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, चाळण करताना पाण्याचा फवारा, शिसं नसलेली झिलई वापरणं, या तीन गोष्टींना फारसा खर्च लागत नाही.

पाचट

साखर कारखान्यांना विसरू नका. चिकोडी, हुक्केरी, गोकाक, रायबाग, सगळीकडं आहेत. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) बुरशी, मळीच्या टाकीत उतरणं, बॉयलर. सीएसआरसाठी त्यांच्याकडं जायचं का?

सरळ_हिशोब

पाचटराव, आधी बघा की कारखाना खासगी कंपनी आहे की सहकारी. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी कायद्याखाली नाही. त्याला कलम १३५ लागतच नाही. तिथं सीएसआरचं पत्र देऊन काही होत नाही, वार्षिक सभेत ठराव करून घ्यावा लागतो. खासगी असेल तर वर लिहिलेले नियम.

साखरेपुरतं प्रशिक्षण बेळगावच्या एस. निजलिंगप्पा साखर संस्थेमार्फत करता येतं. बंदिस्त जागेचं एक सत्र तिथं पक्कं बसवायला हवं : टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे का, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइड किती, बाहेर एक माणूस सतत उभा, आणि आत पडलेल्याच्या मागं दुसऱ्यानं कधीच उडी घ्यायची नाही. टाकीतल्या अपघातात दुसरा बळी बहुधा वाचवायला गेलेलाच असतो.

सेंट्रिंगवाला

बांधकाम कल्याण मंडळाकडं उपकराचा इतका पैसा पडून आहे, तिथनं घ्या की फौंड्रीसाठी.

कामगार_कट्टा

नाही मिळत, सेंट्रिंगवाले. तो १ टक्का उपकर बांधकाम कामगारांसाठीच आहे. लाभार्थी १८ ते ६० वयाचा, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकाम केलेला लागतो. फौंड्री कामगार त्यात बसत नाही, आणि बसवून घेतला तर उद्या लेखापरीक्षणात वसुली निघते. बांधकामावरच्या उंचीच्या कामाचं प्रशिक्षण, सेफ्टी हार्नेस, परांची यासाठी मात्र मंडळाकडं जरूर जा. तो वेगळा धागा काढू.

झेड_प्लस

एमएसएमईच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून. ‘झेड’ (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्र योजनेत कांस्य पातळीच्या पाच निकषांमध्ये कामाच्या जागेची सुरक्षा हा एक निकष आहे. २०२२ च्या रचनेत शुल्क कांस्य १०,०००, रौप्य ४०,०००, सुवर्ण ९०,००० रुपये. सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सूट. महिलांच्या मालकीच्या उद्योगाला शुल्क पूर्ण माफ.

पण खरी गोम पुढं आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर सल्ला-मार्गदर्शनाला दोन लाखांपर्यंत आणि ‘झिरो इफेक्ट’ तंत्रज्ञानाला तीन लाखांपर्यंत मदतीची तरतूद योजनेत आहे. फेटलिंगची धूळ पकडून फिल्टरमध्ये घेणारी यंत्रणा पर्यावरणाच्या अंगानं त्यात मांडता येते. आधी उद्यम नोंदणी, मग पोर्टलवर झेडची शपथ, मग कांस्य, असा क्रम. पोर्टलवर चालू वर्षाचे दर बघूनच अर्ज भरा.

धूळमापी

झेड_प्लस यांनी यंत्रणेचा विषय काढला ते बरं झालं. तीन लाखांत पंखा आणि छत्री लावून ठेवलेल्या बऱ्याच शेड दिसतात आणि धूळ तशीच. कारण एकच, हूड (धूळ ओढून घेणारं तोंड) लांब असतो. हूडच्या तोंडापासून एक व्यास अंतरावर हवेचा वेग तोंडाच्या साधारण दहा टक्क्यांवर येतो. ग्राइंडरवरून सुटणारी धूळ पकडायला कणाच्या जागी सेकंदाला अडीच मीटर तरी वेग हवा, आणि डक्टमध्ये १८ ते २० मीटर, नाहीतर वाळू आडव्या पाइपात बसते. म्हणजे कास्टिंग टेबलावर ठेवून बाजूनं आणि खालून ओढायचं. डोक्यावर छत्री टांगली की धूळ कामगाराच्या नाकावरूनच वर जाते.

प्रस्तावात यंत्रणा मागणार असाल तर ‘बसवण्याआधी आणि नंतर वैयक्तिक मापन’ ही अट स्वतःहून लिहा. पुरवठादाराचं शेवटचं बिल त्या निकालावर बांधा.

प्राध्यापक_मुलर

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी : बंगळूरच्या कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचा विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला छोटी मदत मिळते, अर्ज मार्गदर्शक आणि प्राचार्यांमार्फत. वरच्या हूडचा प्रयोग हा तिथला नेमका विषय. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावात, उद्यमबागेच्या शेजारी अभियांत्रिकी कॉलेजं, आणि तरी दरवर्षी तेच ते रोबोट. विद्यार्थ्यांनो, फेटलिंग टेबल करा. सिम्युलेशनवर थांबू नका, धुराची नळी आणि ॲनिमोमीटर घेऊन शेडमध्ये जा.

प्राध्यापकांसाठी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची जागा घेतलेली संस्था. समाजशास्त्राच्या अंगानं, म्हणजे कामगार मास्क का वापरत नाही, ठेकेदारी आणि आजार यांचं नातं, असे विषय आयसीएसएसआरकडं (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेकडं) जातात. राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या मंडळींनी इकडं लक्ष द्यावं.

सीमेपल्याड

अमेरिकेच्या योजनांबद्दल धागाकर्त्यानं लिहिलंय, ते नीट सांगतो म्हणजे कुणाचा वेळ जाणार नाही. ओशाचं (तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचं) सुझन हारवूड प्रशिक्षण अनुदान तिथल्या ना-नफा संस्थांसाठी, तिथल्या कामगारांसाठी. आपल्याला उपयोग नाही. अभ्यासक्रमाचं साहित्य मात्र खुलं असतं, चित्रं आणि मांडणी बघून आपलं तयार करता येतं.

परदेशी पैसा थेट घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. म्हणजे ‘मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ ही वाट बंद आहे. आरोग्य संशोधनात परदेशी सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी वेगळी.

निपाणीचा_तंबाखू

प्रशिक्षक कोण घेणार हे कुणीच सांगितलं नाही. पैसा आला आणि शिकवणारा पुस्तक वाचून दाखवणारा असला तर?

कामगार_कट्टा

खरंय दादा. मुंबईला शीवमध्ये केंद्रीय श्रम संस्था आहे आणि चेन्नईला प्रादेशिक श्रम संस्था, दोन्ही केंद्र सरकारच्या डीजीफासली या महासंचालनालयाखाली. कर्नाटक चेन्नईच्या क्षेत्रात येतं. औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका आणि डॉक्टरांसाठी तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम तिथं चालतो. एका स्थानिक डॉक्टरला तो अभ्यासक्रम करायला पाठवणं हा निधीचा फार चांगला उपयोग, तो माणूस पुढं वीस वर्षं इथंच कामाला येतो. कामगारांच्या बाजूनं दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण मंडळ आहे, त्यांचे शिक्षण अधिकारी कारखान्यात येऊन वर्ग घेतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा कर्नाटक विभाग बंगळूरला. ४ मार्चचा सुरक्षा दिन आणि पुढचा आठवडा धरून कार्यक्रम केलात तर त्यांची भित्तिपत्रकं, व्याख्याते सहज मिळतात.

शिकवणाऱ्यांत निदान एक जण वीस वर्षं फेटलिंग केलेला असू द्या. मानधन अभियंत्याइतकंच द्या, अंदाजपत्रकात तसं लिहा.

छातीचा_डॉक्टर

एक्स-रेबद्दल राहून गेलेलं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

आजार सापडला तर पुढं काय, हे प्रस्तावात नसेल तर एक्स-रे काढूच नका. सिलिकोसिस हा कळवण्याजोगा आजार आहे, निदान करणाऱ्या डॉक्टरवर कळवायची जबाबदारी असते. कामगाराला वाटतं नाव गेलं की नोकरी गेली, आणि हे भय खोटं नाही. म्हणून निकाल फक्त कामगाराच्या हातात. मालकाला विभागवार एकत्रित आकडे, नावं नाहीत. ही ओळ संमतिपत्रात मराठीत आणि कन्नडमध्ये, वाचून दाखवून. बाहेरून आलेल्या कामगारांसाठी हिंदी किंवा ओडियाही लागेल. नीतिशास्त्र समिती याच जागी अडवते, आणि तिनं अडवायलाच हवं.

ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे त्यांचे हक्काचे लाभ तिथून निघतात, बेळगावात ईएसआय रुग्णालय आहे. ठेकेदाराचे कामगार बरेचदा नोंदलेलेच नसतात, तेव्हा तपासणीच्या दिवशीच ईएसआय क्रमांक विचारून यादी करा. सिलिका फुफ्फुसात असलेल्याला क्षयाचा धोका मोठा. थुंकीची तपासणी आणि औषधं राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात मोफत मिळतात, जिल्हा क्षय अधिकाऱ्यांचं सहमतीपत्र जोडा. तेवढा खर्च अंदाजपत्रकातून वजा होतो आणि प्रस्ताव हलका होतो.

वाचन दोन प्रशिक्षित वाचकांनी, एकमेकांचं न बघता, आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या) प्रमाण प्रतिमा शेजारी ठेवून. मतभेद झाला तर तिसरा. त्याचं मानधन आधीच धरा.

मोल्डिंग_बॉक्स

सगळ्यांचे आभार. क्रम असा समजलोय : आधी एसटीएस आणि विद्यार्थी प्रकल्प, त्याच वेळी झेड कांस्य, एप्रिलच्या आत सीएसआर प्रस्ताव फक्त प्रशिक्षणाचा, आणि पहिल्या वर्षाचे आकडे घेऊन आयसीएमआर. बरोबर ना? एक अडकलंय, प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी. रोजंदारीचा माणूस फुकट येणार नाही, आणि रविवारी बोलावणं बरं वाटत नाही.

सरळ_हिशोब

क्रम बरोबर. अर्जदार संस्था मात्र आज ठरवा, १२-अ आणि ८०-जीच्या प्रती डोळ्यांनी बघा, मुदत संपलेली असते.

मजुरीचं असं करा. पूर्ण दिवस मागू नका. दोन-दोन तासांची चार सत्रं, पाळीच्या सुरुवातीला, भट्टी तापत असताना. त्या वेळी फेटलिंग आणि मोल्डिंगची माणसं तुलनेनं मोकळी असतात. एका तुकडीत १५ च्या वर नकोत, म्हणजे शेड बंद पडत नाही. मालकाकडून ‘हे दोन तास कामाचे तास म्हणून धरले जातील’ असं लेखी घ्या आणि ती रक्कम अंदाजपत्रकात ‘उद्योगांचा वाटा’ म्हणून दाखवा. रोजंदारी आणि ठेकेदाराच्या माणसाला ठेकेदारानं पूर्ण हजेरी द्यायची, हेही त्याच पत्रात.

धूळमापी

आणि चारांतलं एक सत्र मास्कवरच ठेवा. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी-२ प्रतीचा मास्क, दाढी असेल तर कडेनं हवा शिरते, दोन्ही पट्टे डोक्यामागून, नाकाची पट्टी दोन्ही हातांनी दाबून. प्रत्येकानं घालून दाखवायचा. कापडी रुमाल सिलिका अडवत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

फेटलर_अण्णा

सकाळच्या सत्राला मी येतो शिकवायला. मच्छेकडची तुकडी कधी ठरली की इथंच टाका.